बिरोबाच्या माळाचा कस

साहेबानं पिशवीतनं गवताची पेंढी काढून टेबलावर ठेवली, आन् मी पदर आनखी खाली वढला.

पेंढी माझी व्हती. हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून मीच तर बांधली व्हती ती. महिन्यामागं ह्योच साहेब आमच्या दारात आल्ता. मी एकलीच घरात. डोळ्यापतूर पदर. म्हणला, "बाई, तुमच्या माळावरचं थोडं गवत द्या, तपासायला न्यायचंय." दिलं. घोटभर च्या बी दिला.

आन् आता सगळी वाडी बिरोबाच्या देवळाम्होरं गोळा झालेली. सतरा घरं धनगरांची. गडी लिंबाखाली बसल्यालं, बाया भिताडाच्या कडंला. शाळेतनं आनल्याला टेबल, आन् टेबलावर माझी पेंढी.

"ही तुमच्याच माळावरची," मेढेकर साहेब म्हणला. "जिल्ह्याला प्रयोगशाळेत तपासली. शंभरात दोन भाग प्रथिनं. प्रथिनं म्हणजे, तुमच्या भाषेत, कस. नुसता भुस्सा आहे हा! यापेक्षा शाळेतल्या जुन्या वह्या खाऊ घातल्या तरी चालतील."

एकलाच हसला. कुणी साथ दिली न्हाय तवा रुमालानं तोंड पुसलं.

माझा सासरा, मायाप्पा, सगळ्याच्या म्होरं बसल्याला. वाडीची रीत अशी, का मामांचा अंगठा पडला का सतरा घरांचा पडला. मामा डोईचा पटका सारखा करत म्हणालं, "साहेब, कसच न्हाय म्हणता, मग आमची साडेतीनशे मेंढरं जगत्यात कशावर?"

"जगत नाहीत हो. तग धरतात."

ह्ये मातूर लागलं समद्यांना. खिमा म्हातारा पुटपुटला, "आमच्या एडक्याशी टक्कर घे म्हणावं, मग कळंल कोण तग धरतंय."

साहेबानं कागुद उलगडला. सगळा माळ तारेच्या कुंपणात घ्यायचा. झाडं लावायची. पाच वर्सं आत एक खूर पडता कामा न्हाय. मेंढरं इकून टाकायची, आन् घरटी दोन जर्सी गाई योजनेतनं मिळणार. जमीन निरुपयोगी हाय असा कागुद जोडला का मंजुरी. तो कागुद म्हंजी माझी पेंढी.

"गाईला पाणी?" मामांनी इचारलं. "आमाला प्यायला दोन मैलावरच्या आडावनं आनावं लागतंय."

"ते पुढच्या टप्प्यात येईल."

मी बघत व्हते त्यांच्याकडं. त्यांचा अंगठा मांडीवर चाळवत व्हता. कागदाम्होरं म्हातारी मानसं अशीच व्हत्यात. वाघाला न्हाय भ्यायची, पर शिक्क्याला भ्यायची.

तवा माझ्या तोंडातनं निगालं, "ते गवत खोटं हाय."

सतरा घरांच्या माना वळल्या. सासऱ्याम्होरं, सभेत, बाईमाणूस! आमचं मालक, सिदू, दात खात म्हणलं, "तान्हे, गप बस."

"खोटं?" साहेब म्हणला. "अहो, तुमच्याच वाडीतल्या एका बाईनं दिलंय." त्यानं बायांकडं बघितलं. सगळ्यांच्या डोळ्यापतूर पदर. कुटनं वळखतोय तो.

ती बाई मीच, आसं म्हणायला तोंड उघडलं, पर निगालं भलतंच.

"मी दुसरं आनून देते," मी म्हणलं.

"गवत ते गवतच की."

"आसं कसं साहेब? तुमी ऊस खाता का पाचट खाता?"

खिमा म्हातारा टाळी वाजवून हसला. साहेब लाल झाला. पर माणूस वाईट न्हवता; वाईट असता तर तिथंच अंगठे घेऊन गेला असता. म्हणला, "ठीक आहे. आठ दिवसांनी येतो. आणा तुमचा ऊस."

बोलले खरी. पर घरी येऊन चुलीम्होरं बसले तर तव्यावरची भाकर करपून गेली. कारन तुमाला सांगते, दुसरं आनायचं म्हंजी काय आनायचं, ह्येच मला ठावं न्हवतं. पयली पेंढी काय मी उकिरड्यावरची दिली व्हती व्हय? पाव्हणा दारात आल्याला. माळ सगळा पालथा घालून चांगल्यात चांगलं निवडलं व्हतं. कमरंएवढं उंच, सोन्यासारखं पिवळं, सरळ, एका लांबीचं. केसावानी इंचरून बांधलं व्हतं. त्यात कस न्हाय, तर मग कस हाय कशात?

आनखी एक गोष्ट हाय. बिरोबाच्या माळावर इळा चालत न्हाय. आज्या-पणज्यापासनंची आन. त्या माळाचं गवत कुणी कापायचं न्हाय, भारा बांधायचा न्हाय, घरी आनायचं न्हाय. मेंढरानं तिथंच खायाचं, तिथंच लेंडी टाकायची. त्येच्यामुळं त्या गवताला हातात धरायची सवयच न्हाय आमाला. मी बी इळा न्हाय लावला. हातानं उपटून दिली पेंढी, ती बी देवाची माफी मागून.

दुसऱ्या दिशी भाकरी थापली, आन् मेंढरामागं मीच गेले. मालक म्हणलं, "आन् मी काय करू?"

"कोकरं बघा. आन् कालवनाला फोडनी घाला."

"फोडनी? मी?"

"मग मेंढीला इचारा कशी घालायची."

माळावर पौषातलं ऊन. सगळं पिवळं, वारा सुटला का नुसतं सळसळ. मेंढरं पांगली. आमची एक जुनी मेंढी व्हती, काजळी. तोंड पांढरंधोप, डोळ्याभवती काळं, जनू काजळ घाटल्यालं. लई नखऱ्याची. दुसरी मेंढरं दहा घास खातील तवर हिचे पाच. तरीबी कळपात सगळ्यात गुबगुबीत हीच, आन् दर साली कोकरू दांडगं.

मी म्हणलं, बघू तर ही काय खातीया. तिच्या बाजूला गुडघ्यावर बसले.

तर काजळीनं काय केलं, नाकानं ती उंच सोनेरी काडी बाजूला ढकलली. माझ्या पेंढीतलीच काडी ती! हुंगली सुदिक न्हाय. डोस्कं खाली घातलं, पार मुळापतूर. तिथं मारवेलाची बारीक पात व्हती, खालनं अजून हिरवी. तिचा शेंडा तोडला. मग दगडाच्या सावलीतली हरळी. मग पवन्याची वाळली पात, पर निसती पात, दांडा न्हाय. मग मातीवर लोळल्याला रानमुगाचा वेल, वाळून कोळसा झाल्याला, तो कुरकुर कुरकुर. मग गळून पडल्याली बोरीची पानं, ओठानं येक येक येचून.

दिसायला सगळं गबाळं. तुडवल्यालं, मातीत मळल्यालं, इतभर बी न्हाय. पाव्हण्याला दिलं असतं तर लाज वाटली असती.

मी तिथंच बसून ऱ्हायले. आयला, म्हणलं तान्हे, तू साहेबाला ताटावरचं झाकण बांधून दिलंस. ताट खालीच ऱ्हायलं.

मग घरनं आनल्याली कापडी पिशवी काढली, आन् काजळीच्या तोंडाला तोंड लावून निगाले. तिनं जिथनं घास घेतला त्येच्या शेजारचा तसलाच घास मी चिमटीनं तोडायचा. तिनं शेंडा तोडला तर मी शेंडा. तिनं पान तर मी पान. तिनं सोडलं तर मी सोडलं. चार पावलं ती, चार पावलं मी. गुडघं फुटलं, बोटं चिरली, कुसळं लुगड्यात अशी भरली का लुगडं उभं ऱ्हाईल. काजळी पयल्यांदा बुजली, मग इटली, मग तिला वाटलं आसंल का ही बी एक मेंढीच हाय, जरा थोराड. मला ढुसनी देऊन माझ्या हातातलं खायाला लागली. म्हणलं, "भवाने, तुझ्यासाठनंच चाललंय ह्ये. तुझं तू तोड."

वाडीतल्या बायांनी बघितलं. सांजच्याला आडावर तोंडं सुटली. धोंडाई म्हणली, "सिदूच्या बायकूला येड लागलं. मेंढीच्या मागनं शेपटागत फिरतीया."

"शेपूट न्हाय, तोंड हाय मी तिचं," मी म्हणलं. "तिला बोलता येत न्हाय म्हणून."

पाच दिवस. पाच दिवसांत एक पायली भरंल येवढं जमलं. मामा रोज सांजचं पिशवीकडं बघायचं, आन् काय बोलायचं न्हाईत.

आठव्या दिशी साहेब आला. मी पिशवी म्होरं केली. त्यानं उघडून बघितलं, आन् तोंड वाकडं केलं. "हे काय? हा तर केर आहे."

"केर न्हाय. जेवान हाय."

हुंगलं त्यानं. "यात पेंड मिसळलीय? की कडवळाचा चारा?"

तुमाला काय सांगू, माझं डोस्कं आसं फिरलं! पाच दिवस गुडघ्यावर चालल्याली मी. मामा बसल्यात, मालक बसल्यात, कुणाचं भान ऱ्हायलं न्हाय.

"साहेब," म्हणलं, "उठा."

"काय?"

"उठा. बुटं काडा न्हायतर ऱ्हावू द्या, तुमची मर्जी. ती बगा काजळी. तिच्या मागनं चला, आन् तुमच्या हातानं तोडा. तुमची पिशवी, तुमचं बोट, तुमचा शिक्का. मग म्हणा पेंड मिसळली म्हणून."

मालक म्हणलं, "अगं, साहेब हाय त्यो."

"मग काय झालं? काजळीला ठावं न्हाय त्ये."

साहेबाला काय वाटलं, कुणास ठाऊक. उठला. म्हणला, "चला. बघूच."

सगळी वाडी माळावर आली वो त्या दिशी! धोंडाईनं चुलीवरची भाजी उतरवली न्हाय, तशीच पळाली, आन् जळाल्याली भाजी खाल्ली रातच्याला. म्होरं काजळी, मागनं पँटवाला साहेब वाकून, त्येच्या मागनं मी.

"ह्यो दांडा घेतला का तिनं?" मी इचारायची.

"नाही. पान घेतलं."

"मग तुमी दांडा का तोडला? टाका त्यो."

"बरं."

"आन् नाकानं बाजूला काय केलं तिनं?"

साहेबानं ती काडी हातात धरली. उंच, सोनेरी. लई येळ बघत ऱ्हायला. मग माझ्याकडं बघितलं, आन् मी दुसरीकडं बघितलं.

दुपारपतूर त्येचं मोजं कुसळानं भरलं. बसून एक एक उपटायला लागला. खिमा म्हातारा शेजारी बसून म्हणला, "कुसळाला धार असतीया तवर आमी मेंढरं हितं आनतच न्हाय साहेब. झडलं का आनतो. आता झडल्यात, पर झडल्याली बी तुमचं मोजं सोडीनात."

जाताना त्यानं दोन्ही पिशव्यांवर लाख लावली, माझ्या बी आन् त्येच्या बी. आन् पानी मागून प्याला. आडाचं, मचूळ. तोंड न वाकडं करता.

तीन आठवड्यानं परत सभा. परत टेबल. टेबलावर माझी चिंधीची पेंढी, दोन कागुद नवं, एक जुना, योजनेच्या संमतीचा, आन् अंगठ्याचा शाईचा डबा.

मी त्या दिशी काजळीला दावं लावून संगट घेऊन गेल्ते. मालक म्हणलं, "हिला कशाला?"

"साक्षीला."

साहेबानं वाचलं. "बाईंच्या पिशवीत शंभरात आठ भाग. माझ्या पिशवीत साडेआठ." थांबला. "पौष महिन्यात, वाळलेल्या माळावर. मला वाटलं नव्हतं."

"तुमचं जास्ती कसं वो?" खिमा म्हातारा.

"साहेबाचा हात कवळा," धोंडाई म्हणली. "पानच तुटतंय त्येनं, दांडा न्हाय." हसं पिकलं.

पर साहेब हसला न्हाय. म्हणला, "माझी अडचण ऐका. पहिला कागद फायलीत गेलाय. योजना वरून मंजूर आहे. वरचे म्हणतात, पहिला नमुनाही याच माळाचा, याच लोकांनी दिलेला. तो चुकीचा होता असं मी कशाच्या जोरावर लिहू? कुणी दिला, कसा दिला, हे कुणीतरी नावानिशी सांगितलं तर लिहिता येईल. नाहीतर आज अंगठे घ्यायला सांगितलंय मला."

झालं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं. "कुणी दिली रं ती पेंढी?" "आमच्या घरची न्हाय." "आमची बी न्हाय." "जिनं दिली तिनं माळ बुडीवला." "तिच्या हातात किडं पडूत." ह्ये धोंडाई.

काजळीचं दावं माझ्या हातात व्हतं. तिनं वढलं जरा. मी उठले. पदर डोळ्यावरनं माथ्यावर सारला.

"मी दिली," म्हणलं. "तान्हूबाई सिदू. लिव्हा. ती चिंधी माझ्या लुगड्याची हाय. पाव्हणा दारात आल्ता, म्हणून जे उंच दिसलं, देखणं दिसलं ते उपटून, इंचरून दिलं. मेंढरू ते खात न्हाय. ते आमी कुणी मेंढराच्या उंचीवनं कधी बघितलंच न्हाय. लिव्हा, का देनारीची चूक, माळाची न्हाय."

मालकाची मान खाली. धोंडाई म्हणली, "म्हंजी सिदूच्या बायकूनंच माळ घालवला व्हता व्हय!"

"घालवला व्हता," मी म्हणलं. "आन् गुडघं फोडून परत आनला. तुझ्या गुडघ्याला काय झालंय, दाव की."

साहेब खाली मान घालून लिव्हत व्हता. लिव्हून झाल्यावर म्हणला, "मी हे पाठवतो. पण वाडीचं म्हणणंही लागेल. मायाप्पा, तुम्ही काय म्हणता?"

मामा उठलं. सावकाश टेबलापाशी गेलं. शाईचा डबा उघडला, आन् अंगठा दाबला. चांगला बुडवून. मी मनात म्हणलं, चिडलं. सुनंनं सभेत तोंड वर केलं, आता संमतीवर अंगठा देत्यात. कागुद तिथंच पसरल्याला व्हता, रिकामी जागा वर.

मामांनी कागदाकडं बघितलं बी न्हाय. वळलं. माझ्याकडं आलं. माझ्या हातातलं दावं धरलं, काजळीचं तोंड वर केलं, आन् तिच्या पांढऱ्याधोप कपाळावर अंगठा उठवला. दसऱ्याला भंडारा लावत्यात तसा. निळाशार.

"घ्या साहेब," म्हणालं. "अंगठा पायजे हुता न्हवं? ज्येचं ताट हाय त्येच्यावर दिला. तुमच्या फायलीत बसत आसंल तर न्ह्या."

काजळीनं डोस्कं झटाकलं आन् साहेबाच्या टेबलावरचा संमतीचा कागुद तोंडात धरला. खोटं न्हाय सांगत. साडेतीनशे मेंढरांत नखऱ्याची मेंढी ती, तिनं चावला, आन् थुकून टाकला.

खिमा म्हातारा वरडला, "बगा! ह्येच्यात दोन टक्का बी न्हाय!"

साहेब तवा हसला. पयल्यांदा सगळ्यासंगट हसला. चावल्याला कागुद उचलून घडी घाटली, आन् एकाचा बी अंगठा न घेता गाडीत बसला.

म्होरं दोन साल चिठ्ठ्या आल्या, आनखी दुसरे साहेब आले. दर टायमाला मी काजळी, न्हायतर काजळीची लेक, दाव्याला धरून उभी. माळाला तार लागली न्हाय. आज पस्तीस वर्सं झाली. या कवा बी, दाविते.

पर त्या दिशीचं एक ऱ्हायलं सांगायचं. सभा उठली. मालक माझ्याशी बोलंना. मी काजळीला घेऊन खाली मान घालून निगाले, तर मागनं मामांनी हाक मारली. त्यांच्या हातात टेबलावरची पेंढी व्हती. तिची गाठ सोडत व्हतं. म्हातारी बोटं, एक निळं. चिंधी सुटली. गवत त्यांनी वाऱ्यावर सोडून दिलं, आन् चिंधी माझ्या हातात दिली.

"मामा," मी म्हणलं, "तुमाला पयल्या दिशीच कळलं व्हतं?"

"ह्यो काठ मीच आनला न्हवता व्हय म्हसवडच्या जत्रंतनं, तुझ्या लग्नाला?"

"मग बोलला का न्हाई?"

मामांनी निळा अंगठा धोतराला पुसला. निगाला न्हाय.

"तू कवा बोलतीस, त्ये बघत हुतो," म्हणालं, आन् मेंढरांकडं चालाय लागलं.